चादरीचं दुसरं टोक

सोलापुरी चादर भिजली की तिचं वजन काय होतं, हे ती नुसती पांघरणाऱ्याला कळायचं नाही. दुकानात गिऱ्हाईक चादर हातात घेऊन म्हणतं, वा, काय भरीव आहे. हाच भरीवपणा बादलीत बुडला की एकट्या माणसाला तो पिळता येत नाही. दोघं लागतात. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं समोर उभं राहून दुसरं, आणि पीळ देत जायचं.

आमच्या घरी हे जवळजवळ रोजचं आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, वय 83, रात्री अंथरूण ओलं करतात. डायपर बांधला तर काढून कोपऱ्यात फेकतात. ब्लँकेट दिलं तर "हे कुणाचं?" म्हणून पायानं लोटतात. चादरच पाहिजे. सगळी उमर गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, गेलेला माणूस, बाकी काही आठवत नसलं तरी कापड हाताला कळतं. आणि आमच्या भागात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. मधल्या दिवसांत चादर धुवायची म्हणजे पिंपातलं पाणी मोजून काढायचं.

अण्णांना डिमेन्शिया आहे. देशात साठीपुढच्या साधारण 88 लाख माणसांना तो असावा, असा अंदाज 2023 मध्ये एका मोठ्या पाहणीवरून निघाला. म्हणजे शंभरात सात-साडेसात. मी मार्केट यार्डात कांद्याच्या अडतीवर हिशेब लिहितो, त्यामुळे आकडा दिसला की माझं डोकं गुणाकार करायला लागतं. 88 लाख घरं, आणि प्रत्येक घरात कुणीतरी एक जण रात्री जागं. एकच जण. हे मला फार उशिरा दिसलं, आणि दिसलं तेव्हा तो एक जण मी नव्हतो.

पण आधी रात्रीचं सांगतो.

अडीचच्या सुमारास अण्णा उठतात. अंधारात सदरा शोधतात. "भोंगा झाला की बे. डबा कुठाय?" सोलापुरातले गिरण्यांचे भोंगे बंद होऊन जमाना झाला. जुन्या गिरणीचं आता नावच उरलंय, रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरतं. अण्णांच्या डोक्यातला भोंगा तेवढा वेळेवर होतो. सुरुवातीचे सहा-सात महिने मी त्यांच्याशी भांडायचो. "अण्णा, गिरणी बंद पडली. तीस वर्षं झाली." ते खाटेवर बसायचे. चेहरा उतरायचा. "बंद पडली? कधी? मग पगार?" आणि रडायचे. मी खरं बोलत होतो आणि माझ्या खरेपणापायी त्या माणसाची नोकरी रोज रात्री नव्यानं जात होती.

हे थांबवलं माझ्या बायकोनं. एका रात्री ती उठली, स्वयंपाकघरात गेली, स्टीलच्या डब्यात कडक भाकरीचे दोन तुकडे आणि शेंगाचटणी भरली, फडक्यात बांधून अण्णांच्या हातात दिली. "मामा, आज पाळी बदललीय. दुसऱ्या पाळीला जायचंय तुम्हाला." अण्णांनी डबा मांडीवर घेतला, वरून हात फिरवला. "मुकादमानं सांगितलं काय?" "होय." "मग पडतो जरा." डबा उशाशी घेऊन झोपले. तेव्हापासून रात्री निजण्याआधी तो डबा भरलेला असतो. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात वाद घालायचा नाही, माणसाच्या जगात शिरून वाट काढायची, हे घरच्यांना मुद्दाम शिकवावं लागतं. हिला कुणी शिकवलं नव्हतं.

मोठा भाऊ पुण्याला असतो. धाकटी बहीण बार्शीला दिलीय. दादा महिन्याच्या एक तारखेला पैसे पाठवतो, कधी चुकवत नाही, हे त्याच्या बाजूनं आधीच लिहून ठेवतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला तो सहकुटुंब येतो. त्या वर्षीही आला, हुतात्मा एक्स्प्रेसनं, रात्री. आणि अण्णा असे खुलले म्हणता! सकाळी यात्रेत घालायची बाराबंदी मागितली. नातवाला जवळ बसवून मार्शल लॉची गोष्ट सांगितली, त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेली. 1930 चा मे महिना, इंग्रजांनी शहर लष्कराच्या ताब्यात दिलं ते, आणि मग 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेलेले चौघं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. चारही नावं धडाधड. बाहेरून नंदीध्वजांची मिरवणूक निघाल्याची आरोळी आली, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र", तर खाटेवरून यांचाही आवाज चढला. दादाच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, "अण्णा तर ठणठणीत आहेत की. तुम्ही फोनवर उगाच घाबरवता."

चहाचे कप घेऊन ही दारात उभी होती. अण्णांनी तिच्याकडं बघितलं आणि दादाला विचारलं, "ही बाई कोण रे? रोज येते."

सगळे हसले. तीही हसली. मला वाटलं, चला, हसण्यावारी गेलं.

पाहुणे आले की डिमेन्शियाचा माणूस तास-दोन तास असा सावरून बसतो, हे या आजाराच्या घरांत सगळ्यांना माहीत असतं. जुनी शिष्टाई शाबूत असते, जुन्या गोष्टी शाबूत असतात. पाहुणे उठले की सगळं एकदम खाली बसतं आणि त्या रात्री दुप्पट त्रास होतो. म्हणजे भेटायला आलेल्यानं जे बघितलं ते खोटं नसतं. त्यामुळेच सांभाळणारा खोटा ठरतो.

त्या रात्री अडीचला दादा जागा झाला आणि त्यानं डब्याचा प्रकार बघितला. सकाळी खुर्चीत बसून म्हणाला, "हे काय नाटक लावलंय? वडिलांचं खेळणं केलंय तुम्ही. त्यांना नीट समजावून सांगितलं तर समजतं. काल बघितलं ना मी." बहीण बार्शीहून फोनवर, स्पीकर चालू: "वहिनीचा आवाज जरा चढाच असतो अण्णांशी. मी मागं आले तेव्हाही म्हटलं होतं." मग डायपरचा विषय. महिन्याला एवढे? मग फिजिओथेरपीवाल्याचा. मग थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. घर अजून अण्णांच्या नावावर आहे, आणि आमच्यात तो विषय कुणी काढत नाही, पण बाकी सगळे विषय त्याच्याच भोवती फिरतात.

मी हिला आत नेऊन काय सांगितलं? "दोन दिवसांसाठी आलाय. तू जरा गप्प बस." 

जागरणामुळं मला रात्री मोबाईलवर वाचायची सवय लागली. डिमेन्शियाबद्दल वाचता वाचता सांभाळणाऱ्यांवरच्या अभ्यासांपर्यंत पोचलो. शर्ली सेम्पल नावाच्या संशोधिकेनं 1992 मध्ये अल्झायमरच्या घरांतली भांडणं तीन प्रकारांत मांडली होती. आजार नेमका काय आणि किती, त्याचं करायचं कसं, हा एक. नातेवाईक रुग्णाशी कसे वागतात, हा दुसरा. आणि सांभाळणाऱ्याशी कसे वागतात, हा तिसरा. वाचताना मला आमची गड्ड्यातली सकाळ दिसली. तासाभरात आम्ही तिन्ही उरकले होते.

त्याहून जुना एक अभ्यास मला जास्त बोचला. 1980 चा, अमेरिकेतला, स्टीव्हन झॅरिट आणि दोन सहकाऱ्यांचा. लहानसाच, 29 सांभाळणाऱ्यांचा. त्यांना वाटलं होतं, रुग्णाचा त्रास जितका जास्त तितका घरच्यावरचा भार जास्त. तसं निघालं नाही. विसरणं, भटकणं, ओरडणं यांच्याशी भाराचं नातं सापडेना. नातं सापडलं ते एका वेगळ्याच गोष्टीशी: बाकीचे नातेवाईक घरी किती वेळा येतात. येणंजाणं जास्त, तिथं भार कमी.

मला हसूच आलं. आमच्याकडं उलटा हिशेब. दादा वर्षातून पाच वेळा, ताई तीनदा, आणि प्रत्येक खेपेनंतर ही आठवडाभर भिंतीकडं तोंड करून झोपायची. मग वाटलं, त्या 29 घरांत येणारी माणसं कुठं बसत असतील? आमच्याकडं येणारे खुर्चीत बसतात. खुर्चीत बसून जे दिसतं त्याला आपण तपासणी म्हणतो. चहा पिऊन, प्रकृती बघून, सूचना करून निघायचं. येणंजाणं हे नव्हे बहुतेक. पण हे माझं आपलं अडाण्याचं भाष्य, अभ्यासात असं काही लिहिलेलं नाही.

तेव्हा माझ्या मनात पक्कं होतं की या सगळ्याचा मार बसतोय तो मला. झोप नाही, अडतीवर जमा-नावेत चुका व्हायला लागल्या, कांद्याची आवक जोरात असताना शेठजींची बोलणी खाल्ली. अण्णांना बघणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना एकदा म्हटलं, डॉक्टर, मीच वेडा होईन आता. त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशात रस वाटला नाही, किती दिवस उदास वाटलं, झोप, थकवा, भूक, असं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण 27. मी भरला. सहा आले. सौम्य, असं ते म्हणाले, आणि खरं सांगतो, मला थोडा अपमान वाटला.

ही शेजारी फाइल घेऊन बसली होती. डॉक्टरांनी तोच कागद दुसरा काढला. "ताई, तुम्ही भरा बघू." ही म्हणाली, "मी कशाला? मला काय झालंय?" तरी घेतला. सहाव्या प्रश्नावर पेन थांबलं. तो असा आहे: स्वतःबद्दल वाईट वाटणं, आपण नालायक आहोत असं वाटणं, आपण स्वतःला किंवा घरच्यांना कमी पडलो असं वाटणं. तिनं वर बघून विचारलं, "घरच्यांना म्हणजे सासरच्या की माहेरच्या?"

डॉक्टर म्हणाले, दोन्हीकडचे धरा.

सोळा आले.

मी आकड्यांचा माणूस आहे म्हटलं ना. घरी येताना रिक्षात हातात पिशवी, पिशवीत तो कागद, आणि माझं डोकं मागची पानं उलटी तपासायला लागलं. गारमेंटमधली नोकरी कुणी सोडली? शाळेच्या युनिफॉर्मचं चेकिंग करायची ती, सात-आठ बायकांत बसायची, दुपारी डबे उघडायच्या, हसायच्या. "सध्या सोड, नंतर बघू," हे मी म्हटलं होतं. अंघोळ कोण घालतं? तोंडात घास कोण देतं? अण्णांचा हात कुणावर उठतो? मी सकाळी साडेआठला यार्डात जातो आणि संध्याकाळी येतो. रात्री अडीचला मी जागा होतो हे खरं. मी जागा होतो आणि ती उठत होती.

आणि आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्याचं नाव 'भावंडं'. दादा, ताई आणि मी. त्यात मी लिहायचो: आज अण्णांना जुलाब, तीन वेळा कपडे बदलले. आज अण्णा रस्त्यावर गेले, शोधून आणलं. मराठीत कर्ता गाळून वाक्य लिहिता येतं, फार सोयीचं असतं ते. दादा लिहायचा, "ग्रेट आहेस तू." मी हात जोडल्याचं चिन्ह टाकायचो. जी हे सगळं करत होती ती त्या ग्रुपमध्ये नव्हतीच. दादाला मी जे म्हणत होतो, लांबून बघतोस आणि शेरे मारतोस, तोच माणूस मी बारा फुटांवरून होतो. दादाचं अंतर निदान रेल्वेचं होतं.

ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा कायदा आहे. आईवडिलांना निर्वाह द्यायचा, न्यायाधिकरण महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत मुलांना लावू शकतं. त्यात मुलं म्हणजे कोण? मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्या यादीत नाही. कायद्यानं तिच्यावर काही लादलं नाही, चांगलंच झालं. पण गंमत वाटते. जिच्यावर कसलीच सक्ती नाही तिच्याकडूनच सगळं करून घ्यायचं, आणि तिच्या सोळा गुणांना "जरा चिडचिडी झालीय" म्हणायचं.

तिला गोळ्या सुरू झाल्या. ताईचा फोन: "गोळ्या कशाला? जरा पारायण वगैरे कर म्हणावं, मन शांत होतं." या वेळी मी फोन बाहेर जाऊन घेतला नाही. हिच्यासमोर बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, ताई हे वाचेल. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे गेले. त्या काळात एका रात्री ती न्हाणीघरात दार लावून बसलेली आढळली, मोबाईल कानाला. 14416 वर बोलत होती, सरकारी टेलिमानसचा फुकट नंबर, 2022 पासून चालू आहे, मराठीत बोलतात. मी विचारलं, काय सांगितलंस त्यांना? म्हणाली, "काही नाही. त्यांनी मला नाव विचारलं." मग थोड्या वेळानं, "चार वर्षांत कुणी नाव घेऊन हाक मारली नव्हती. मामा 'ए बाई' म्हणतात, तुम्ही 'अगं'."

डॉक्टर म्हणाले, एकदा सगळ्यांना घेऊन या. न्यूयॉर्कला मेरी मिटलमन यांच्या गटानं नवराबायकोपैकी एकाला अल्झायमर असलेल्या 406 घरांवर मोठा प्रयोग केला होता. निम्म्यांना नेहमीची मदत, निम्म्यांसाठी समुपदेशन: दोन बैठका सांभाळणाऱ्याबरोबर एकट्याच्या आणि चार बैठका सगळ्या कुटुंबाच्या, पुढे आधारगट, आणि लागेल तेव्हा फोन. ज्या घरांत हे झालं तिथं सांभाळणाऱ्याची उदासी कमी राहिली, आणि रुग्णाला संस्थेत ठेवायची वेळ साधारण 557 दिवसांनी पुढं गेली. दीड वर्ष. रुग्णाला त्यात नवं औषध काहीच नव्हतं. घरची माणसं एका खोलीत बसली होती, एवढंच.

आम्ही चार वेळा बसलो नाही. दोनदा. दादा पहिल्या खेपेला घड्याळ बघत आला. ताई व्हिडिओ कॉलवर, मागं कुकरच्या शिट्ट्या. डॉक्टरांनी आधी हिला विचारलं, दिवस कसा जातो, तासातासानं सांगा. ती सांगत गेली. रडली वगैरे नाही, किराणा सांगावा तसं सांगितलं. सकाळी नऊपर्यंत पोचली तेव्हाच दादानं मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला होता.

दादाही बोलला. आई गेली तेव्हा तो वेळेत पोचला नव्हता. अण्णांनी कधीतरी "तू कोण" विचारलं तर, या भीतीनं तो सणावारीच येतो, कारण गर्दीत तो प्रश्न येत नाही. मला हे माहीत नव्हतं. माझ्या हिशेबात त्याच्या नावावर नुसती रक्कम होती. घराचा विषय निघालाच, आणि तो काही सुटला नाही. दोघंही थोडं वाकडं बोललो, तो वाकडेपणा अजून आहे. पण एक ठरलं. दादानं महिन्यातून एक शनिवार-रविवार यायचं, सणाबिणाचं नाही, साधं. त्या दोन रात्री त्याच्या. आणि ग्रुपमध्ये ही. ग्रुपचं नाव ताईनं बदललं. 'अण्णा' ठेवलं.

पहिल्या खेपेला मला झोप आली नाही. अडीचला खाट वाजली. भोंगा झाला. सदऱ्याची शोधाशोध. मी उठणार तेवढ्यात दादा उठून बसलेला दिसला. त्यानं उशाचा डबा उचलून अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी त्याच्याकडं निरखून बघितलं. झिरोच्या उजेडात बराच वेळ बघितलं.

"तू कोण?"

दादाचा श्वास मला इकडं ऐकू आला. मग तो म्हणाला, "बदली कामगार आहे. आजची पाळी माझी."

"बरं," अण्णा म्हणाले. "साचा नीट बघ." आणि आडवे झाले.

सकाळी चादर ओली होतीच. पाणी आलं होतं त्या दिवशी. मी आणि दादा मागच्या अंगणात, चादर बादलीतून काढली, त्यानं एक टोक धरलं, मी दुसरं. पिळायला लागलो तर पीळच बसेना. चादर आपली सगळीच्या सगळी गोल फिरायची, पाणी आत तसंच. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. मग लक्षात आलं, दादा डावखुरा आहे. लहानपणी पाटीवर डाव्या हातानं लिहायचा म्हणून अण्णांनी किती मारलं होतं त्याला. समोरासमोर उभे राहून आम्ही दोघं एकाच बाजूला फिरवत होतो.

"उलटं फिरव, उलटं!" मी ओरडलो.

दादानं खिडकीकडं बघितलं. साडेआठ वाजून गेले होते, आतून भांड्याचा आवाज नव्हता.

"हळू बोल की बे," तो म्हणाला. "झोपलीय ती."